बेटावरची बोली

शिवकुमारनं ट्रॉली बॅग उचलून डोक्यावर घेतली. चाकं काळ्या चिखलात रुतून बसली होती आणि बोट अजून वीस पावलांवर होती. त्याची बायको वर्षाराणी पुढं निघून गेली होती. तिनं चपला हातात घेतल्या होत्या, साडी वर खोचली होती, आणि पाय कुठं टाकायचा हे तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. बोटवाल्यानं हात पुढं केला. तिनं तो धरला, एक पाय बोटीच्या काठावर टेकवला आणि काहीतरी म्हणाली.

बोटवाला आधी चमकला, मग हसला. त्यानं उत्तर दिलं. ती पुन्हा बोलली, या वेळी बरंच लांब, आणि दोघंही हसले.

शिवकुमार बॅग डोक्यावर घेऊन चिखलात उभा राहिला. ती तेलुगू बोलतेय एवढं त्याला कळलं. त्यापलीकडं काही कळलं नाही.

"काय म्हणायलाय तो?" त्यानं विचारलं.

"काही न्हाई. चिखल लई हाय म्हणतोय."

काठावर उभा असलेला आनंदराज म्हणाला, "मॅडमला तर भाषा येती की. मग तुमाला काळजीच न्हाई, शेठ. हा पोशेट्टी मराठी बोलतो, पण इचारल्याशिवाय बोलत न्हाई."

आनंदराज नांदेडचा. बेटावरच्या चार खोल्या त्यानं बांधल्या होत्या, आणि चालवत होते ते पोशेट्टी आणि त्याची बायको. फोनवर त्यानं पाठवलेल्या जाहिरातीत पाण्याचे सहा फोटो होते आणि खाली लिहिलं होतं: निसर्ग, शांतता, स्थानिक संस्कृती.

शिवकुमारनं ही जाहिरात ज्या दिवशी पाहिली, त्याच दिवशी दुपारी त्याची आई, पार्वतम्मा, शेजारणीला अंदमानचे फोटो दाखवत होती. धाकटा भाऊ संगमेश्वर दिवाळीत बायकोला घेऊन अंदमानला गेला होता. त्याला वर्ष होत आलं तरी फोटो आईच्या मोबाइलमध्ये सगळ्यात वर होते. निळं पाणी, पांढरी वाळू, आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला संगमेश्वर. अंदमानला आठ दिवस लागतात. उदगीरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडतीचं दुकान असलेल्या माणसाला आठ दिवस मिळत नाहीत. पण सर्वपित्री अमावस्या शनिवारी आली होती. अमावस्येला मोंढा बंद, दुसऱ्या दिवशी रविवार. आठवड्याभरात सोयाबीनची आवक सुरू झाली की दसरा-दिवाळी कधी येऊन गेली ते कळणार नव्हतं.

"अमुशाला कुणी घर सोडतं का रे?" पार्वतम्मा म्हणाली होती.

"बेट हाय आई. घर सोडल्याशिवाय जाता येत न्हाई," तो म्हणाला होता, आणि बारा वर्षांच्या शिवानीला आजीजवळ ठेवून सकाळी सातला गाडी काढली होती.

उदगीर ते देगलूर, देगलूर ते बिलोली, तिथून धर्माबादच्या अंगानं गोदावरीकडं. एकशे वीस किलोमीटर. देगलूरच्या पुढं एका फाट्याशी वर्षाराणी खिडकीतून मान वळवून मागं पाहत राहिली होती. फाटा तिच्या माहेरच्या तेलुगू गावाचा. आई गेल्यावर भावानं तिथलं घर विकलं आणि तो हैदराबादला राहायला गेला. तीन वर्षांत ती या रस्त्यानं आली नव्हती. शिवकुमारनं ते पाहिलं, आणि एसी थोडा वाढवला.

बोट निघाली. खाली तेलंगणातल्या धरणानं गोदावरीचं पाणी मागं रेटलं होतं, आणि पूर्वी जिथं शेतं होती तिथं आता अर्धा मैल सपाट पाणी पसरलं होतं. बुडालेल्या बाभळींचे शेंडे वर आले होते. प्रत्येक शेंड्यावर एकेक पाणकावळा पंख उघडून वाळवत बसला होता. पोशेट्टी वल्हं मारत बोलत होता. सुरुवातीला वर्षाराणी सगळं मराठीत सांगत होती. हे गाव बुडालं तेव्हा त्याचा बाप दहा वर्षांचा होता. टेकाडावरची अकरा घरं तेवढी राहिली. मग ती अर्धंच सांगू लागली. बेट जवळ आलं तेव्हा ती काहीच सांगत नव्हती, नुसती ऐकत होती आणि मध्येच बोलत होती. तिचा आवाज घरातल्यापेक्षा खालच्या पट्टीतला होता आणि वेग दुप्पट. बोलताना ती डाव्या हाताची बोटं हवेत नाचवत होती. शिवकुमारनं चौदा वर्षांत तो हात असा हललेला पाहिला नव्हता.

पोशेट्टी तिला अक्का म्हणत होता. हा शब्द शिवकुमारला माहीत होता, त्याची आजी कन्नड बोलायची. अक्का म्हणजे मोठी बहीण. चाळिशीतला माणूस पहिल्या भेटीत आपल्या बायकोला बहीण म्हणतो, यात वाकडं काढण्यासारखं काही नव्हतं. काहीतरी असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि त्यानं चिखलानं भरलेले बूट पाण्यात बुडवून धुवायला घेतले.

बेटावर पोचल्यावर पोशेट्टीची बायको गंगामणी धक्क्यावर आली. उंच, हाडापेरानं मजबूत बाई. ती आठवड्यातून तीन दिवस धर्माबादच्या बाजारात मासे विकायला जायची आणि तिचं मराठी त्या बाजारात तयार झालं होतं.

"सायेब, तुमचं जेवन वेगळ्या चुलीवर केलंय," ती आधी त्यालाच म्हणाली. "आनंदराज सांगितला, लिंगायत मानसं हायेत, मासं चालत न्हाई. भांडी बी नवी हायेत."

"लई चांगलं केलं," शिवकुमार म्हणाला. त्याला तिचं मराठी आवडलं. त्यात त्याच्यासाठी जागा होती.

मग वर्षाराणीनं तिला तेलुगूत काही विचारलं. गंगामणीनं दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला, जणू ती कुणाची तरी हरवलेली पोर होती, आणि मग दोघींचं जे सुरू झालं ते जेवण वाढताना, भांडी उचलताना, हापशावर हात धुतानाही थांबलं नाही.

दुपारी शिवकुमार खोलीपुढच्या चिंचेखाली बाजेवर आडवा झाला. बाकीच्या तीन खोल्या रिकाम्या होत्या, पितृपक्षात कोण येणार. पंधरा हातांवर त्या दोघी चटईवर बसल्या होत्या. समोर फुलांचा ढीग होता: तरवडाची पिवळी, कुरडूची गुलाबी-पांढरी, थोडा झेंडू. कुरडूचे देठ सारख्या लांबीचे कापून वर्षाराणी पितळी ताटात गोल लावत होती, एक थर गुलाबी, एक थर पिवळा. फुलांचा शंकू वर वर अरुंद होत चालला होता.

"हे काय करायलीस?" त्यानं बाजेवरूनच विचारलं.

"बतुकम्मा. फुलांचा सण. आजपासून नऊ दिवस असती. पितरी अमुशाला सुरू होती."

"तुला येतं हे?"

"लहानपणी करायचो की आम्ही."

तिनं हे सांगितलं आणि पुन्हा गंगामणीकडं वळली. शिवकुमारनं डोळ्यांवर रुमाल टाकला आणि कान दिला.

त्याला तेलुगू येत नव्हतं, पण तेलुगू आकडे येत होते. निजामाबादकडचे ट्रकवाले आणि तुरीचे व्यापारी मोंढ्यात येत, त्यांच्यापुरते एक ते शंभर त्यानं पाठ केले होते. त्यामुळं बायकोच्या बोलण्याचं पाणी कानावरून वाहत गेलं तरी त्यातले आकडे मात्र दगडासारखे हाताला लागत होते. पदनालुगु, ती म्हणाली. चौदा. थोड्या वेळानं मूडु. तीन. मग बरंच काही, आणि मग अर गंटा. हे तर सरळच होतं, अर्धा तास. ते ती दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर गंगामणीनं हातातलं फूल खाली ठेवलं, मान वळवून बाजेकडं पाहिलं आणि जिभेनं च्च असा आवाज काढला.

चौदा वर्षं लग्नाला. रुमालाखाली शिवकुमारनं तेवढं लगेच लावलं. तीन कशाचे? तीन वर्षांत कुठं नेलं नाही याचे असतील. आणि अर्धा तास? तो दिवसातून तिच्याजवळ किती वेळ बसतो याचा असेल. दुकानातून नऊला येतो, जेवतो, बातम्या लावतो. अर्धा तासही होत नसेल. ती एका परक्या बाईला त्याच्यासमोर, त्याच्या पंधरा हातांवर बसून हे सांगत होती, आणि त्याच्याच बाजेकडं बघून च्च केलं जात होतं.

तो उठून बसला.

"वर्षा, माझी गोळी कुठं हाय?"

"बॅगेच्या वरच्या कप्प्यात."

"मला सापडंना."

ती उठून आली, बॅगेच्या वरच्या कप्प्यातून गोळी काढून दिली, पाण्याचा तांब्या दिला, आणि परत गेली. तेवढ्या वेळात ती एक शब्दही बोलली नाही. तिकडं बसल्याबरोबर सुरू झाली.

दिवस मावळायला आला तेव्हा अकरा घरांतल्या बायका देवळापुढच्या मोकळ्या जागेत जमल्या. फुलांची ताटं मधे ठेवली. वर हळदीचा गोळा. बायकांनी भोवती गोल धरला आणि वाकून टाळ्या वाजवत फिरू लागल्या. एक जण गाण्याची ओळ म्हणायची, बाकीच्या शेवट उचलायच्या. वर्षाराणी गंगामणीच्या शेजारी होती. पहिल्या दोन फेऱ्यांत ती नुसती टाळी देत होती. तिसऱ्या फेरीला तिनं ओळ उचलली, आणि मग सगळ्यांना मागं टाकून पुढची ओळही तिनंच धरली. म्हाताऱ्या बायका मान डोलावून तिच्याकडं पाहू लागल्या.

शिवकुमारनं मोबाइल काढला. हे संगमेश्वरला पाठवायचं, हे त्यानं आधीच ठरवलं होतं. अंदमानात असलं काही नसणार. त्यानं दोन मिनिटं चाळीस सेकंद व्हिडिओ घेतला. मग चिंचेखाली उभं राहून तो पुन्हा पाहिला. गोल फिरत फिरत वर्षाराणी मोबाइलच्या समोर यायची, वाकायची, टाळी द्यायची आणि निघून जायची. प्रत्येक फेरीला तिचा चेहरा जवळ येत होता, आणि प्रत्येक फेरीला तिनं कॅमेऱ्याच्या पलीकडं, दुसऱ्या कुणाकडं पाहिलं होतं. हा चेहरा घरच्या ग्रुपवर गेला असता तर आईनं विचारलं असतं, ही एवढी खूश कधीपासून?

त्यानं व्हिडिओ पाठवला नाही. पुसूनही टाकला नाही.

बायकांनी फुलांची ताटं पाण्यावर नेली आणि फुलं सोडली. पिवळे, गुलाबी शंकू थोडा वेळ सरळ तरंगले, मग कलले, मग नुसती सुटी फुलं उरली.

जेवताना दोघंच होते. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. त्यानं पहिला घास तोडला आणि विचारलं, "माझ्याबद्दल काय सांगत होतीस तिला?"

"तुमच्याबद्दल?"

"पदनालुगु. चौदा. तेवढं कळतंय मला."

वर्षाराणी त्याच्याकडं पाहत राहिली. "लग्नाला किती वर्षं झाली, इचारलं तिनं."

"आन तीन?"

"आई जाऊन."

त्याचा घास तोंडापाशी थांबला. तीनचा अर्थ त्यानं चुकीचा लावला होता. त्यानं घास खाल्ला.

"आन अर्धा घंटा? दोनदा म्हणलीस."

"अजून अर्धी भाकरी वाढू?"

"मी काय इचारायलोय?"

"बायकांचं बोलणं अस्तंय," ती म्हणाली. "सगळं कुठं सांगत बसू." आणि तो हो-नाही म्हणायच्या आत तिनं अर्धी भाकरी त्याच्या ताटात ठेवली.

लग्नाच्या पहिल्या महिन्यात ती माजघरात उभी राहून आईशी फोनवर तेलुगूत बोलत होती. पार्वतम्मा भाजी निवडत होती, तिनं मान वर करून नुसतं पाहिलं होतं. त्या रात्री शिवकुमार वर्षाराणीला म्हणाला होता, घरात सगळ्यांना कळंल असं बोलत जा. रागानं नाही, समजावून. ती बरं म्हणाली. नंतर आईचा फोन आला की ती गच्चीवर जायची. माहेरी ती काय बोलायची, हे त्यानं ऐकलं नव्हतं, कारण तो सोडायला जायचा, चहा घ्यायचा आणि मोंढा उघडायच्या आत परत फिरायचा. हे सगळं त्याला आठवलं, पण त्यात आपलं काही चुकलं असं काही सापडलं नाही. मोठ्या घरात राहायचं तर तेवढं लागतंच.

सकाळी सात वाजता आंघोळ करून तो ओट्यावर पूजेला बसला. भस्म लावलं, गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि नजर त्यावर ठेवली. घरी ही वीस मिनिटं त्याला कुणी हाक मारत नाही, शिवानीसुद्धा दारातून पाय न वाजवता जाते. नजर हलली तर पुन्हा पहिल्यापासून, हा त्याच्या आजोबांनी घालून दिलेला नियम.

पाण्याच्या बाजूनं हसण्याचा आवाज आला. त्याची नजर उचलली गेली.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. तळहातावरचं काळं, गुळगुळीत लिंग. ते मोठं होत जावं, बाकी काही उरू नये. पुन्हा हसणं ऐकू आलं, या वेळी तिघांचं, आणि त्यात पोशेट्टीचा जाड आवाज. शिवकुमारनं पाहिलं. वर्षाराणी गुडघाभर पाण्यात उभी राहून जाळ्याचं एक टोक ताणून धरत होती आणि गंगामणी जाळ्यातले मासे सोडवून टोपलीत टाकत होती. एक मासा निसटून वर्षाराणीच्या पायावर आदळला. ती किंचाळली आणि हसता हसता पाण्यात बसलीच.

तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटून घेतले. नजर ठेवायची पूजा डोळे मिटून करणं त्याच्या घरात कुणी केलं नव्हतं.

ती ओल्या साडीनं वर आली तेव्हा तो लिंग पुन्हा गळ्यात बांधत होता.

"माशाला हात लावलीस?"

"न्हाई. जाळं धरलं होतं."

"आंघोळ कर."

"तेच करायला आले," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर अजून पाणी होतं आणि हसूही पुरतं गेलं नव्हतं. खोलीच्या दारातून आत जाताना ते गेलं. नेमकं कोणत्या पायरीवर गेलं, तेही त्यानं पाहिलं.

अकरा वाजता निघायचं ठरलं होतं. शिवकुमारनं बॅग धक्क्याजवळ नेऊन ठेवली. पोशेट्टी बोटीतलं पाणी डब्यानं उपसत होता. वर्षाराणी हापशावर प्रवासासाठी बाटली भरत होती, एका हातानं दांडा, एका हातानं बाटली. गंगामणी पळसाच्या पानात बांधलेला मलिदा घेऊन आली आणि तो तिनं वर्षाराणीला न देता शिवकुमारच्या हातात ठेवला.

"सायेब, हे तुमाला. अक्काला न्हाई."

"मला कशाला?"

"येक सांगू? राग नका धरू." ती थांबली, आणि आवाज न उतरवता म्हणाली, "असला नवरा मी आजवर न्हाई बघितला."

शिवकुमारनं पुडकं या हातातून त्या हातात घेतलं. टोमणा कुठं आहे ते त्याला सापडेना.

"अक्कानं सगळं सांगितलं मला. लगीन हून चौदा साल झालं. तुमचं घर सगळं मराठी. तरी तुमी रोज दुकानावरून आलं, जेवन केलं, की अर्धा घंटा बसता आन हिला म्हनता, आता तुझ्या बोलीत बोल. तुमाला समजत न्हाई तरी बी ऐकता. पुरा अर्धा घंटा! मी इचारलं, समजत न्हाई तर कशाला ऐकतो? तर म्हनली, त्याला माझा आवाज तसा आवडतो." गंगामणीनं पदरानं डोळ्याची कड पुसली. "माय मरून तीन साल झालं हिची. दुसरं कुनी न्हाई बोलायला. तुमी येकटेच. मनून तर हिची बोली अशी ऱ्हायली, न्हाई तर कवाच गेली असती."

हापशाची धार बारीक झाली आणि थांबली. वर्षाराणीचा हात दांड्यावर तसाच होता. ती वळली नाही.

"आन हे बघा आमचं," गंगामणीनं बोटीकडं हात केला. "ह्याला माझी बोली येती, तरी ऐकत न्हाई!"

"तू मधी दम घेतलीस तर ऐकीन की," पोशेट्टी डबा आपटत म्हणाला.

गंगामणी त्याच्यावर ओरडली, मग पुन्हा शिवकुमारकडं वळून त्याच्या उत्तराची वाट पाहत उभी राहिली. तिला काहीतरी हवं होतं, एखादा शब्द, जो ती बुधवारच्या बाजारात दुसऱ्या बायकांना सांगू शकेल. शिवकुमारनं हापशाकडं पाहिलं. बायकोच्या पाठीवर ओल्या केसांनी ब्लाउज भिजला होता. तिची मान जराशी खाली गेली होती, आणि ती त्या स्थितीतून हलत नव्हती.

"अर्धा घंटा कुठला," तो म्हणाला. "ही एकदा सुरू झाली की थांबती व्हय?"

गंगामणी एवढी मोठ्यानं हसली की देवळामागचे बगळे उठले. पोशेट्टीही हसला. वर्षाराणी बाटलीचं झाकण लावत होती. झाकण दोनदा आट्यावरून सरकलं, तिसऱ्यांदा बसलं.

बोटीत तो पुढच्या टोकाला बसला आणि ती मागं. पोशेट्टीनं तिला काही विचारलं, तिनं एका शब्दात उत्तर दिलं. नंतर तो नुसतं वल्हं मारत राहिला. पाण्यावर कालची फुलं पसरली होती, पिवळी अजून पिवळी, गुलाबी काळपटलेली.

शिवकुमार गंगामणीनं सांगितलेल्या त्या माणसाचा विचार करत होता. तो दुकानातून येतो, जेवतो, आणि टीव्ही लावत नाही. पलंगावर टेकून बसतो. मोबाइल उपडा ठेवतो. त्याला काही कळत नाही आणि त्याची त्याला घाई नसते. तिची डावी बोटं हवेत नाचतात ती तो बघतो. चौदा वर्षं तो माणूस त्याच्याच खोलीत, त्याच्याच पलंगावर बसत होता, आणि शिवकुमारनं त्याला एकदाही पाहिलं नव्हतं. पोशेट्टी, गंगामणी दोन दिवस जेवढे खुपले होते, ते हा माणूस खुपला त्यापुढं काहीच नव्हतं. त्यानं मुठीत धरलेलं मलिद्याचं पुडकं दाबलं गेलं आणि पानाच्या कडेनं गूळ बोटांना लागला.

काठावर आनंदराज उभा होता. "कसं वाटलं, शेठ? स्थानिक संस्कृती बघितली का न्हाई?"

"बघितली," शिवकुमार म्हणाला.

गाडीत बसल्यावर वर्षाराणीनं पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली आणि मराठीत म्हणाली, "आईंना फोन करू का निघालो म्हणून?"

"कर."

तिनं फोन केला. हो आई. जेवलो आई. शिवानीनं दूध घेतलं का. आवाज वरच्या पट्टीतला, सपाट, प्रत्येक शब्द जागच्या जागी. फोन ठेवल्यावर ती समोर बघत बसली. बिलोली गेलं. देगलूरच्या अलीकडं तो माहेरचा फाटा आला. या वेळी तिनं मान वळवली नाही, तर त्यानं वळवली.

"काय सांगतीस त्याला?" त्यानं विचारलं.

"कुणाला?"

"त्याला. रोज."

वर्षाराणीनं पर्सची चेन उघडली, बंद केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पिवळं पडत चाललं होतं, चार-सहा दिवसांत कापणीला येईल असं.

"काहीबाही," शेवटी ती म्हणाली. "दिवसभराचं. राग आलेला असला तर ते बी."

"आज काय सांगशील?"

"मराठीत?"

"न्हाई."

तिनं त्याच्याकडं पाहिलं. तो रस्त्याकडं पाहत होता, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मग तिनंही मान समोर वळवली, घसा साफ केला आणि अडखळत एक वाक्य म्हणाली. थांबली. दुसरं म्हणाली. तिसऱ्यापासून आवाज खाली उतरला. ती रागावली होती की काही आठवून सांगत होती, हे त्याला ओळखता आलं नाही. डावा हात अजून पर्सवरच होता.

शिवकुमारनं गाडी चाळीसवर आणली. मागून ट्रकनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. त्यानं काच खाली केली आणि हात बाहेर काढून ट्रकला पुढं जायची खूण केली.